शेफालीचं नाव

माझा भाऊ चंद्रभान रायपूरजवळच्या माना छावणीत धान्याचा ट्रक नेत असे. एकाहत्तरच्या दिवाळीनंतर तो नागपूरला आला तो दोन माणसं घेऊनच. निताई बसाक, अठराएक वर्षांचा, आणि त्याची धाकटी बहीण शेफाली. पूर्व बंगालातले विणकर. आईबाप तिकडेच मारले गेलेले. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," मी भावाच्या तोंडावर म्हटलं. आमचे माग दोन, त्यातला एक बंद, आणि खाणारी तोंडं काय कमी होती? सासरे महादेवराव मात्र म्हणाले, "आपल्यासारख्या कोष्ट्याचीच लेकरं आहेत वं वच्छला. राहू दे."

राहिली. कामाला वाघ होती दोघं, पण निताई विणायला बसताना मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडायला तयार नसे. तिकडे पाकिस्तानी लष्कर हिंदूंना शोधत घरोघर फिरे, तेव्हा शेजारच्या अमीना चाचीनं त्याला आपल्या मागाखालच्या खड्ड्यात लपवलं होतं, आणि वर ती साडी विणत बसायची. शेफालीला तिनं भाची आयेशा म्हणून घरात ठेवलं. झोपेतून उठवून नाव विचारायची, चुकलं की थप्पड. कलमाही असाच पाठ करून घेतला. थप्पड मारून झाली की स्वतःच रडायची म्हणे. शेफाली हे मोडक्या हिंदीत सांगत होती. मला ऐकवेना, म्हणून मी तिला कांदे चिरायला बसवलं.

डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई लागली. त्यातच आमची पाजणी आली. पाजणी म्हणजे अख्ख्या गल्लीचं काम. विणायचे उभे धागे गल्लीभर ताणायचे आणि शेजाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी कुंच्यांनी खळ चढवायची. अर्ध्यात हात सोडला तर धागे चिकटतात आणि सगळी मेहनत मातीत जाते.

खळ चढत होती, तेवढ्यात एक पोलीस शिपाई आला. बाहेरून आलेल्यांची चौकशी सुरू होती. बिचारा साध्याच आवाजात म्हणाला, "काय नाव वं पोरी तुझं?"

शेफालीनं खाकी कपडे पाहिले. हातातला कुंचा पडला. "आयेशा," ती म्हणाली, आणि कोणी न विचारता घडाघडा कलमा म्हणू लागली.

समोरच्या मारोतरावानं कुंचा फेकला. "पाकिस्तानी हाये हे! अन् तुमी घरात ठेवून राहिले?" आणखी दोघं बाजूला झाले. शिपायाचा चेहरा बदलला. "दोघंबी चला ठाण्यात."

पोरं आता हातची जाणार.

निताई पुढे आला. "हिंदू, हम हिंदू," म्हणत त्यानं लुंगीच्या गाठीला हात घातला. तिकडे लष्करवाले सुंता पाहूनच पुरुषांची जात ठरवत होते. बायापोरांसमोर तो मान खाली घालून गाठ सोडू लागला. त्याला लाजही वाटत नव्हती, इतका तो थकलेला होता.

सासऱ्यांनी त्याचं मनगट धरलं. "ह्या गल्लीत कोनालेच लुंगी सोडा लागत नाही!" ते शिपायाकडे वळले. "हे माहे लेकरं आहेत. नेता तं मले न्या."

शिपायानं नजर खाली वळवली. "राहू द्या, बाबाजी," म्हणून तो निघून गेला. धागे वाळत होते. मारोतराव नुसताच उभा.

"काय पाहून राहिले, भाऊजी?" मी त्याच्यावर खेकसले. "काहून थांबले? उचला तो कुंचा!"

त्यानं उचलला. पाजणी पुरी केली.

दुपारी शेफाली हाताची खळ धुवत होती. हळूच म्हणाली, "भाभी, यहाँ कौन सा नाम बोलना है?"

"शेफाली. तुझंच नाव वं."

"कल भी?"

"कल भी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, आणि ओठांतल्या ओठांत स्वतःचंच नाव घोकू लागली.