पॉलिशचा वास

दारू सोडणाऱ्यांचा गट शोधायला मला तीन आठवडे लागले, आणि तो निघाला माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. मी शोधतच नव्हतो, म्हणून सापडत नव्हता. मुलीने विजेच्या बिलामागे पत्ता लिहून दिला होता आणि एकच अट घातली होती. नव्वद दिवस दारू नाही, मगच ठमी तुमच्याकडे. ठमी म्हणजे माझी नात, तीन वर्षांची. गेल्या वर्षी तिला सांभाळायला म्हणून बसलो आणि पिऊन झोपलो. दार उघडंच राहिलं. भर रस्त्यात उभ्या पोरीला फळवाल्याने उचलून आणलं. मुलगी तेव्हा ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

गट संध्याकाळी सहाला एका बालवाडीच्या वर्गात भरायचा. बाकं एवढीशी की बसलं की गुडघे हनुवटीला टेकत. भिंतीवर ताज्या फळांची चित्रं, खाली आम्ही नासलेले. गट चालवायचा एक रिटायर्ड बस कंडक्टर, बावीस वर्षं थेंबाला न शिवलेला. पहिल्याच दिवशी तो माझ्याजवळ आला आणि त्याने नाकपुड्या फुगवल्या. पिऊन आलात का, म्हणाला. मी असा उखडलो की बाकावरून उठताना बाकच माझ्याबरोबर उठलं. म्हटलं, फर्निचरला पॉलिश करतो मी. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने लाकडावर थरावर थर द्यायचे, तीस वर्षं हेच करतोय. वास नखांत बसलाय, अंघोळीने जात नाही. आणि ते स्पिरिट विष असतं, मी कधी तोंडाला लावलेलं नाही. खोटं वाटत असेल तर दुकानात येऊन बघा.

कंडक्टर दुसऱ्या दिवशी खरोखरच आला. बाटली हुंगली, माझी बाही हुंगली आणि संध्याकाळी सगळ्यांदेखत माफी मागितली. एवढ्यावर थांबला असता तर काय बिघडत होतं? पण त्याने माझ्या मुलीलाही बोलावून घेतलं. सांगितलं, बापाला दारात हुंगणं आता सोड, संशयाने माणूस पुन्हा खड्ड्यात जातो. मुलगी चौथीत होती तेव्हापासून मला दारात हुंगत आली होती. तिने ते त्या दिवसापासून बंद केलं.

सत्तर दिवस मी सरळ होतो. हे मात्र खरं आहे, कुणीही विचारावं. हात थरथरायचे थांबले. मुलगी रविवारी ठमीला घेऊन यायला लागली, आधी दहा मिनिटं, मग तासभर.

एकाहत्तराव्या दिवशी प्यायलो. कारण विचाराल तर कारण नाही. असतं तर त्याच्या माथी मारून मोकळा झालो असतो. एक कपाट पूर्ण झालं होतं, चेहरा दिसावा असं चकचकीत. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. त्या खुशीतच पाय वळले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली आणि मुद्दाम कंडक्टरच्या शेजारी जाऊन बसलो. पकडला जाईन याची भीती होती, आणि पकडलं जावं अशी इच्छाही. त्याने माझी पाठ थोपटली. म्हणाला, आज दुकानात बरंच काम झालेलं दिसतंय. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे दूध मी पीत होतो आणि डोळे मिटून बसले होते ते बाकीचे. मला त्यांचा राग आला. इतका राग मला स्वतःचाही कधी आला नव्हता. मग रोजचंच झालं.

नव्वदाव्या दिवशी वर्गात टाळ्या वाजल्या. मुलगी ठमीला घेऊन आली होती. सगळे गेल्यावर आम्ही व्हरांड्यात थांबलो, ठमी माझ्या कडेवर. मुलीने सांगितलं की तिला इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम मिळालंय, उद्यापासून आठ ते चार. ठमी दिवसभर माझ्याकडे. तिने पर्समधून स्वतःच्या घराची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. असं तिने लग्नाच्या आधीही कधी केलं नव्हतं.

"या वासाची मला जन्मभर भीती वाटत आली, बाबा," ती म्हणाली. "आता नाही वाटत. पॉलिशचाच आहे, हे माहीत झालंय ना."

मला काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. ठमी माझी कॉलर चावत होती.

"नाही," मी म्हणालो. "हा पॉलिशचा नाही."

तिने डोकं लगेच उचललं नाही. तसंच विचारलं, कधीपासून. एकोणीस दिवस, मी सांगितलं. ती मनाशी हिशेब करत होती, ते मला दिसत होतं.

"म्हणजे रविवारी हिला तुमच्याकडे ठेवून मी औषध आणायला गेले, तेव्हाही?"

"तेव्हाही."

तिने ठमीला माझ्या कडेवरून ओढून घेतलं. ठमी माझ्याकडे हात करून रडायला लागली. मुलगी फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्याची वाट बघत होतो.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

माझी मूठ उघडेना. शेवटी तिनेच एकेक बोट सोडवून ती काढून घेतली.