वजनाचे शॉकअप

बाळकृष्ण दामल्यांनी जीपचा शॉकअप उभा धरला, त्याच्या डोक्यावर दोन्ही तळहात ठेवले आणि सगळं अंग टाकून दाबला. शॉकअप जागचा हलला नाही. दामलेच चवड्यांवर उचलले गेले.

"हा बरा आहे," ते म्हणाले.

इंदूरच्या सियागंजातल्या दुकानदाराने पंखा आपल्याकडे वळवून घेतला.

"मास्टरसाब, पहले ये बताओ, गाडी में वजन ढोना है कि सवारी बिठानी है?"

प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर जावयाने, नीरजने, सकाळी किल्लीबरोबरच हातात ठेवलं होतं. 'बाबा, एकदम नरम बघा. रविवारी माझ्या आईला मानपूरच्या पुढे प्लॉट दाखवायला न्यायचंय. तिची पाठ तुम्हाला माहितीये ना.'

दामल्यांनी वर टांगलेल्या टायरांकडे पाहिलं, मग आपल्या चपलांकडे.

"वजन," ते म्हणाले, आणि त्यांचे कान गरम झाले.

मिल बंद पडून तीन वर्षं झाली होती. वीव्हिंग खात्यात दामले छत्तीस वर्षं फिटर होते. एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, फरक ते नुसत्या बोटाने ओळखायचे. तीन वर्षांत त्या बोटाला दोनच कामं मिळाली: घरचा मिक्सर आणि शेजाऱ्यांच्या दाराची कडी. अशात जावई येऊन म्हणाला, "बाबा, टायर आणि शॉकअप तुम्हीच निवडा. मला काय कळतंय, मी केबलवाला." त्या दिवशी दामले जेवताना दोन पोळ्या जास्त जेवले.

नीरजने चार वर्षांत अर्ध्या सुदामा नगरच्या गच्च्यांवरून वायरी ओढल्या होत्या. ज्या घरांत मिलच्या भोंग्यावर चहा व्हायचा, तिथे आता सिरियलवर होत होता. धंदा जमला तशी त्याने महूच्या मिलिटरी लिलावातली जीप घेतली. घेतली ती घेतली, वर मिस्त्रीकडून चार इंच उंच करवून घेतली. डोंगरात चालवायची म्हणे. दामल्यांची लेक निवेदिता त्या जीपमध्ये चढायला जेवणाचा पाट बरोबर ठेवायची. नवरा शौकीन असला की बायकोला पाट बाळगावा लागतो, असं ती आईला म्हणाली होती.

आता यात वजन कुठून आलं?

वजन आलं झांकीतून. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या मिलांच्या झांक्या निघतात. ट्रॉल्यांवर देखावे, दिवे, हलणारे देव, दात दाखवणारे राक्षस. मिला बंद पडल्या, पण झांक्या पडल्या नाहीत. ज्यांच्या घरी सकाळची चूल उशिरा पेटत होती, ती माणसं महिनाभर कुंभकर्णाच्या ताटातले लाडू रंगवत बसली होती. दामल्यांच्या मिलची झांकी यंदा कुंभकर्णाची होती. त्याला उठवायची सगळी यंत्रणा दामल्यांची: वायपरची मोटर, सायकलची चेन, घोरण्यासाठी हवेचा पंप. फक्त ट्रॉली ओढायला ट्रॅक्टर नव्हता. मिलचा ट्रॅक्टर उन्हाळ्यातच लिलावात गेला होता.

झांकीच्या कमिटीच्या बैठकीत सगळे गप्प बसले होते. त्या शांततेत दामल्यांना आपलाच आवाज ऐकू आला.

"आपल्या जावयाची जीप आहे ना."

टाळ्या पडल्या. मारुतीने, त्यांच्या खात्यातल्या जुन्या जोडीदाराने, पाठीवर थाप मारली. एकदा टाळ्या पडल्यावर माणूस माघार कशी घेणार?

आता कोणी म्हणेल, जावयाला सरळ विचारायचं होतं. पण दामले जुन्या वळणाचे. मुलीच्या बापाने जावयाच्या दारात काही मागू नये, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. न मागता न्यावं की नाही, हे सांगायचं वडिलांचं राहून गेलं होतं.

तर दामल्यांनी दुकानातले सगळ्यात कडक शॉकअप घेतले. टायर घेतले ते ट्रॅक्टरसारखे, खोल खाचांचे, गाडीला आणखी दोन इंच वर नेणारे. मागच्या स्प्रिंगच्या कमानीत एक पट्टा जादा टाकायला सांगितला.

"मास्टरसाब, इसमें तो हाथी बिठा लो," दुकानदार म्हणाला. मग बिलावर नीरजचा फोन नंबर लिहिताना त्याने चष्म्यावरून एकदा दामल्यांकडे पाहिलं.

रविवारी त्या जीपमध्ये हत्ती बसला नाही. विहीणबाई बसल्या.

सोमवारी दामले आणि त्यांची बायको कुमुदिनीबाई नीरजच्या घरी समाचाराला गेले. विहीणबाई वसुधाताई निवृत्त शिक्षिका. दिवाणखान्यात जमिनीवर लाकडी फळी टाकून त्यावर सरळ आडव्या होत्या. कमरेखाली गरम पाण्याची पिशवी होती.

"या, व्याहीबुवा," त्या छताला म्हणाल्या. मान वळत नव्हती. "उठता येत नाही, राग मानू नका."

"छे छे. कसं काय झालं एकाएकी?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"एकाएकी नाही हो, शंभर किलोमीटर झालं. जाताना पन्नास, येताना पन्नास. एका गचक्याला मी सीटवरून वर उडाले. मी खाली येत होते, तर सीट वर येत होती. मध्ये आमची भेट झाली."

निवेदिताला हसू आलं, ते तिने पदरात धरलं. दामल्यांच्या हातात पोह्यांची बशी होती. वर शेव, वर लिंबू. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

"बाबा, शॉकअप चांगलेच होते ना?" नीरजने विचारलं.

"चांगल्यातले चांगले."

हे खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

"बघ आई. मी म्हटलं ना, रोडच खराब आहे. बाबांनी निवडलेला माल आहे तो. छत्तीस वर्षं मशिनी सांभाळलेला माणूस."

"मी कुठे व्याहीबुवांना काही म्हणतेय?" वसुधाताई छताला म्हणाल्या. "का हो, रोडच खराब ना?"

"फार खराब," दामले म्हणाले. "मानपूरच्या पुढे तर विचारूच नका."

मानपूरच्या पुढे ते आयुष्यात गेले नव्हते.

निघताना नीरज फाटकापर्यंत आला. दामल्यांनी गुरुवारसाठी किल्ली मागितली. शॉकअप जरा सेट करून आणतो, म्हणाले. आजवर त्यांनी जावयाकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं, तेही खोटं सांगून.

"न्या ना बाबा, तुमचीच आहे." नीरजने किल्ली लगेच दिली नाही. बोटाभोवती एकदा फिरवली. "आणखी काही होतं का?"

"नाही. काही नाही."

"नक्की ना?"

"नक्की."

मग त्याने किल्ली दिली.

गुरुवारी दुपारी मिलच्या आवारात झांकीची ट्रायल होती. दामल्यांनी जीप ऐटीत मागे घेतली आणि उतरले. म्हणजे उडी मारली. चाळीसेक माणसं जमली होती. मारुती जीपच्या मागे जाऊन उभा राहिला आणि वर बघायला लागला.

"मास्टर, हुक कुठाय?"

"आहे ना, तिथेच."

"तिथे म्हणजे आभाळात हो!"

दामले मागे गेले. जावयाचे चार इंच, टायरचे दोन, कमानीतल्या पट्ट्याचा एक. सुताचा फरक बोटाने ओळखणाऱ्या माणसाने सगळं मोजलं होतं, ट्रॉलीचा दांडा जिथे अडकवायचा तो हुक सोडून.

"काही नाही होत," मारुती खास इंदुरी ढंगात म्हणाला. "उचला रे भिया, सगळे मिळून!"

सहा जणांनी दांडा उचलून हुकात अडकवला. दोन चाकांची ट्रॉली ती. पुढून वर झाली, मागून बसली. कुंभकर्णाचं डोकं मागच्या बाजूला होतं. त्याचे पाय आता वर, डोकं खाली, आणि तोंड उघडं.

"मोटर चालू करून बघू," कोणीतरी म्हणालं. जिथे थांबायला पाहिजे तिथे असं म्हणणारा एक जण असतोच.

जनरेटर सुरू झाला. कुंभकर्ण घोरला. पोट वर गेलं, खाली आलं. मग उठायची वेळ झाली. चेन ताणली गेली, मोटर कण्हली, आणि कुंभकर्ण उठायचा तो पलंगासकट मागे सरकायला लागला. त्याला उठवायला ठेवलेले ढोलवाले राक्षस एकेक करून त्याच्या पोटावर बसले. शेवटी त्याचं डोकं ट्रॉलीबाहेर लोंबायला लागलं. तो मिलच्या बंद दाराकडे उलटा बघत घोरत राहिला.

"बटन बंद करा! अरे बंद करा ना!"

मग उपाय निघाले. जीपमध्ये माणसं बसवा, खाली दबेल. चौदा जण चढले, काही बॉनेटवर, काही टपाच्या दांड्यांना लोंबकळत. दामले मोजपट्टी घेऊन मागे हुकाशी वाकले.

"किती दबली, मास्टर?"

"दोन सूत."

"चौदा माणसांत दोन सूत?" मारुती भारावला. "वा मास्टर! माल घ्यावा तर तुम्हीच!"

टायरांतली हवा काढली. टायर इतके जाड होते की हवा गेल्यावरही थोडेसेच बसले. पुन्हा वाहवा झाली. दामले तिथून डोकं वर काढेनात. त्यांना त्यांच्या उमेदीच्या काळातसुद्धा एवढी शाबासकी मिळाली नव्हती, आणि प्रत्येक शाबासकीबरोबर फळीवर आडव्या पडलेल्या विहीणबाई डोळ्यांसमोर येत होत्या.

तेवढ्यात दामल्यांना जीपखालून समोर दोन बूट दिसले. पॉलिश केलेले, कडेला केबलच्या वायरीचा काळा तुकडा चिकटलेला.

ते मागून बाहेर आले. गुडघ्याला ग्रीस लागलं होतं. नीरजने आधी आपल्या जीपमधल्या चौदा जणांकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या कुंभकर्णाकडे. मग खाली वाकून शॉकअपकडे.

"वजनाचे आहेत," तो म्हणाला.

"हो."

"सियागंजवाल्याचा मला त्याच दिवशी फोन आला होता. म्हणाला, तुमचे सासरे भारवाहू माल घेऊन गेलेत, बदलून देऊ का? मी म्हटलं, बाबांनी घेतलेत ते राहू दे."

दामल्यांच्या हातातली मोजपट्टी खाली पडली. ती उचलायला ते वाकले नाहीत.

"मग आईंना का बसवलंत, नीरजराव?"

"एवढे कडक असतील असं वाटलं नव्हतं." नीरजने मान खाली घातली. "आणि तुम्ही सांगाल असं वाटलं. शनिवारपर्यंत वाट बघितली. सोमवारी फाटकापाशी विचारलंसुद्धा."

जीपमधले लोक एकेक करून, आवाज न करता, उतरायला लागले. उंची इतकी होती की प्रत्येकाचा उतरताना धप्प आवाज झालाच.

"हुक खाली घ्यायचा तर एक पट्टी वेल्ड करायला लागेल," नीरज मारुतीला म्हणाला. "माझा वेल्डर आहे, डिशचे स्टँड करतो. पाठवतो त्याला. गाडी उद्या न्या."

"भिया, तुम्ही फार मोठं काम..." मारुतीने हात जोडले.

"बाबांनी केलंय. मी फक्त पट्टी देतोय."

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर दामल्यांना बरं वाटलं असतं. पण नीरजच्या आवाजात टोमणा नव्हता.

दांडा काढला. पंपाने टायरांत हवा भरली. नीरज स्टेअरिंगवर बसला आणि त्याने शेजारच्या सीटवरची फाईल उचलून सासऱ्यांसाठी जागा केली. दामले पुढे आले नाहीत. मागे गेले, पाटावर पाय देऊन चढले आणि विहीणबाई बसल्या होत्या त्या जागी बसले.

"बाबा, पुढे या ना. मागे फार लागतं."

"चला तुम्ही."

मिलच्या फाटकापाशी जुने मालगाडीचे रूळ होते. तिथे दामले पहिल्यांदा उडाले. टोपी वरच्या दांड्याला लागली. ते खाली येत होते तेव्हा सीट वर येत होती. विहीणबाईंनी केलेलं वर्णन अगदी बरोबर होतं. दामल्यांनी दांडा धरला नाही. पुढे सुदामा नगरचा रस्ता महिन्यापूर्वीच डांबरी झाला होता, चकचकीत, काळा. त्याच्यावरसुद्धा दात वाजत होते.

वसुधाताई फळीवर तशाच होत्या. नीरज दारात थांबला. दामले आत गेले आणि कमरेवर एक हात ठेवून उभे राहिले. ग्रीस लागलेलं धोतर तसंच होतं.

"आलात, व्याहीबुवा?" त्या छताला म्हणाल्या. "झाले का सेट शॉकअप? का अजून रोडच खराब?"

"रोड चांगला आहे, विहीणबाई," दामले म्हणाले. "मानपूरचापण चांगलाच असणार."

दुखत असूनही वसुधाताईंनी मान वळवली. हळूहळू, पूर्ण वळवली. दामल्यांकडे, त्यांच्या गुडघ्याकडे, कमरेवरच्या हाताकडे त्यांनी नीट पाहिलं.

"निवेदिता," त्या म्हणाल्या, "आतून दुसरी फळी आण."