चाररेघी वहीतला अर्ज

मी एक चाररेघी वही बोलतेय. दोन तांबड्या रेघा, त्यांच्यामध्ये दोन निळ्या. पहिली-दुसरीतल्या मुलांचं इंग्रजी अक्षर वळणावर यावं म्हणून आमचा जन्म. माझ्या मुखपृष्ठावर फुगा धरलेला ससा आहे आणि पाठीवर बे ते दहाचे पाढे. अशा वहीला आयुष्यात फार काही बघायला मिळेल असं कुणाला वाटेल? मलाही वाटलं नव्हतं.

महाप्याच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये माझ्यावर रेघा मारल्या, पाठीत दोन पिना ठोकल्या आणि टेम्पोतून मी उलव्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आले. तिथं आम्हा बहिणींच्या गप्पांना एकच विषय. आपल्या नशिबी कसलं पोर येणार? कोपरे चावणारं, की मागच्या पानावर रॉकेट काढणारं? मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

एक दिवस भर दुपारी एक मुलगी आली. हातात हिरवा चुडा. गळ्यातलं मंगळसूत्र इतकं नवं, की हात सारखा तिथं जात होता.

"इंग्लिशची चाररेघी आहे?" तिनं इतकं हळू विचारलं की दुकानदारानं दोनदा "काय?" केलं. मग मला काढून देत तो म्हणाला, "मुलगी कितवीला, ताई?"

"पहिलीला," ती म्हणाली. चेहऱ्यावर काही हललं नाही.

तिच्या लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते.

ही स्नेहल. घरी गेल्यावर तिनं मला रुखवताच्या खोक्यात लपवलं, मण्यांच्या राजहंसाशेजारी. राजहंस बोलका नव्हता. त्यामुळे मी घरातली बोलणी ऐकायला लागले.

घर म्हणजे चार मजली इमारत. पूर्वी तिथं सासरच्यांची भातखाचरं होती म्हणे. आता पहिल्या मजल्यावर हे राहतात आणि त्याच्या वर सोळा खोल्यांत भाडेकरू. सासरे, नंदकुमार म्हात्रे, दिवसभर खालच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "बिल्डिंग चालवनं म्हंजे खेल नाय!"

खरं आहे. पाण्याचा टँकर कधी येणार, कुठल्या खोलीची किल्ली कुठल्या खिळ्याला, भाडेकरूंचे पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद, तिसऱ्या मजल्यावरची गळती, हा खेळ नाहीच. आणि हे सगळं स्नेहल बघत होती. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात सासऱ्यांनी चष्मा सापडत नाही म्हणून एक फॉर्म तिच्याकडे दिला. तो चष्मा त्यांना अजून सापडलेला नाही.

तिला नोकरी हवी होती. घरात तिनं हे फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. सासऱ्यांचं मत ठाऊकच होतं. शेजारची सून कामाला लागली तेव्हा ते मोठ्यांदा म्हणाले होते, "आपल्या घरची सून कोनाच्या हापिसात फायली उचलायला जानार नाय." तेव्हा स्नेहल त्यांच्याच भाडेकरूंची फाइल कपाटात ठेवत होती.

तिचा नवरा धनेश बंदरात कंटेनर यार्डात असतो. माणूस मदतीला तत्पर. अर्जासोबत इंग्रजीत पत्र जोडायचं असतं, त्याला कव्हर लेटर म्हणतात, हे कळल्यावर तो म्हणाला होता, "टेन्शन कशाला घेतेस? फोनला सांगायचं. दोन मिनिटांत लिहून देतो." फोननं खरंच दोन पानी पत्र लिहिलं. बेलापूरच्या कुठल्याशा ऑफिसातून तिला फोनही आला. समोरच्या बाईनं पत्रातला एक शब्द वाचून दाखवला आणि इंग्रजीत विचारलं, हे तुम्ही नेमकं कसं करता, सांगाल का? स्नेहल फोन कानाला धरून उभी राहिली. बाई बराच वेळ थांबली. मग "थँक यू" म्हणाली आणि फोन ठेवला.

ते "थँक यू" माझ्या पहिल्या पानावर आहे. अकरा ओळी, सलग.

धनेशवर तिचा राग नव्हता. पण त्या पत्रातली बाई कोण होती तेच तिला कळेना, आणि त्या बाईला नोकरी मिळाली असती तरी कामावर जावं लागणार होतं हिलाच. म्हणून तिनं ठरवलं, पुढचं पत्र आपलं आपण लिहायचं. फोन पुढचा शब्द सुचवतो. मी काहीच सुचवत नाही. माझा एवढाच गुण तिला पुरेसा वाटला असावा.

सकाळी अकराला सासूबाई भाजीच्या वाफ्यांकडे गेल्या की मी खोक्यातून बाहेर. ती फोनवरचे धडे कानाला लावून ऐकायची आणि रोज एक वाक्य लिहायची. बसून नव्हे. एक शब्द लिहिला की कुकर बघायला उठायची, दुसरा लिहिला की खिडकीशी जायची, तिसरा खोडायची. खोडून खोडून माझी पानं पातळ झाली. तिची ती येरझार माझ्यातही उतरली. पंखा नुसता फिरू लागला तरी माझी पानं उलटायला लागतात, मला स्वस्थ पडणं म्हणून जमत नाही.

"डिअर सर"वर एक अख्खा दिवस गेला. अनोळखी माणसाला 'प्रिय' कसं लिहायचं? नवऱ्यालाही अजून लिहिलं नव्हतं.

मग एक जाहिरात आली. महाप्याच्या एका ऑफिसला इमारतीच्या देखरेखीसाठी सहायक हवी होती. पत्र शुक्रवारपर्यंत पाठवायचं होतं. स्नेहलनं सोमवारी पत्र लिहायला घेतलं आणि मंगळवारी मला वाटलं, जमलं! पानभर मजकूर, एकही खाडाखोड नाही.

तेवढ्यात वरची भाडेकरू अलिशा किल्ली मागायला आली. ही म्हसळ्याकडची, इथं एकटी राहून नोकरी करते. मला लपवायला वेळच मिळाला नाही. अलिशानं पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"वहिनी, हे नोकरीचं आहे की लग्नाचं?"

त्याचं असं झालं होतं. पहिल्या ओळीत उंची, पाच फूट दोन इंच. मग वर्ण गव्हाळ. मग वडिलांचा व्यवसाय, भावाचं शिक्षण, मामाचं गाव. नातेसंबंधांत पाटील, घरत, ठाकूर, भोईर. आणि सगळ्यात खाली अपेक्षा लिहिली होती, ऑफिस चांगल्या घराण्यातलं असावं. स्वतःबद्दल लिहायची वेळ तिच्यावर आयुष्यात एकदाच आली होती, स्थळं बघताना. तेव्हाचा कागदही मामानंच लिहिला होता. तिला वाटलं, आपल्याबद्दल लिहायचं ते असंच लिहायचं.

"कुंडली राहिली बघा," अलिशा म्हणाली.

"आणि जुळली नाही तर?"

दोघी फरशीवर बसून हसल्या. स्नेहल हसते तेव्हा आवाज होत नाही, नुसते खांदे हलतात. मी तिच्या मांडीवर होते, मीही हलले.

"पण खरंच वहिनी, त्यांना तुमचा मामा नकोय. तुम्ही काय काम करता ते लिहा."

"मी कुठं काय करते? घरीच असते."

"माझा नळ कोणी दुरुस्त केला?"

"प्लंबरनं."

"आणि त्या प्लंबरच्या मागं चार दिवस कोण लागलं होतं?" अलिशानं बोट दाखवलं. "मी उलव्यात तीन घरं फिरले होते. माझं नाव ऐकलं की खोली आत्ताच गेलेली असायची. इथं काका 'बघू' म्हणाले. तुम्ही कागद मागितलेत, तपासलेत आणि दुसऱ्या दिवशी किल्ली दिलीत."

"ते तर असंच."

"त्या 'असंच'चाच पगार देतात महाप्यात."

अलिशा गेल्यावर स्नेहलनं ते लग्नाचं पान न फाडता उलटलं आणि कोऱ्या पानावर मोडक्या-तोडक्या, पण स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं. मी चार मजली इमारत बघते. सोळा खोल्या आहेत. टँकर मी बोलावते. किल्ल्या माझ्याकडे असतात. भाडेकरूंचं भांडण झालं तर आधी दोघांचं ऐकते. माझं इंग्रजी नवीन आहे. हे पत्र मी स्वतः लिहिलं आहे.

एवढंच. पण त्यासाठी तीन दिवस आणि नऊ पानं गेली.

पत्राखाली, तुमचं काम ज्यानं पाहिलंय अशा एका माणसाचं नाव आणि नंबर हवा होता. तिनं लिहिलं, श्री. नंदकुमार म्हात्रे, मालक.

"सासऱ्यांचा नंबर?" अलिशाचे डोळेच विस्फारले. "त्यांना सांगितलंत तरी?"

"मालक तेच ना? दुसऱ्या कुणाचं काम मी केलेलंच नाही." मग जरा थांबून, "सांगते."

सांगितलं नाही. शुक्रवारी माझ्यातलं बघून एकेक अक्षर फोनवर चढवलं. फोन मध्येमध्ये भारी शब्द सुचवत होता, ती मान हलवून नको म्हणत होती. पत्र गेलं.

त्यानंतरचे पाच दिवस विचारू नका. खाली सासऱ्यांचा फोन वाजला की ही पोळी तव्यावर टाकून खिडकीशी. त्यांची खुर्ची खिडकीच्या अगदी खाली असते आणि त्यांना स्पीकरवरच बोलायची सवय. नातेवाईक, दलाल, गॅसवाला, सगळे तिनं उभ्यानं ऐकले. रोज ठरवायची, आज जेवताना सांगायचं. रोज जेवताना त्यांना आणखी एक पोळी वाढायची आणि परत यायची.

बुधवारी साडेअकराला तो फोन आला, महाप्याच्या ऑफिसातल्या बाईचा. सासरे गावातल्या दोघा मित्रांबरोबर बसले होते.

"नंदकुमारजी बोल रहे हैं? स्नेहल म्हात्रे आपके यहाँ काम करती हैं?"

"काम?" सासरे म्हणाले. "ती आमची सून हाय!"

"उन्होंने लिखा है, पूरी बिल्डिंग वही सँभालती हैं. सही है?"

वर स्नेहलनं मला छातीशी इतकं आवळलं की माझ्या पिना वाकल्या. "नाही" एवढा एकच शब्द, आणि सगळं संपलं असतं. दोन मित्र बघत होते.

"बिल्डिंग त... मीच..." सासऱ्यांनी सुरुवात केली.

"अच्छा, तो एक बात बताइए. टँकर नहीं आया, तो क्या करते हैं?"

हा प्रश्न सासऱ्यांना कधी पडलाच नव्हता. मग सवयीनं त्यांनी मान वर केली आणि खिडकीकडे बघून हाक मारली, "सूनबाय! टँकर नाय आला तं काय करतंस गो?"

स्नेहलला उत्तर पाठ होतं. रोजचंच होतं. "वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करते, म्हणजे दुपारपर्यंत पुरतं. तोवर पलीकडच्या सेक्टरच्या टँकरवाल्याला बोलावते. आणि सगळ्या खोल्यांना आधी कळवते, मग कुणी भांडायला येत नाही." एवढं मोठ्यानं ती या घरात पहिल्यांदाच बोलली.

"ती म्हनते की, वरच्या टाकीचा..." सासरे फोनमध्ये सांगू लागले.

"जी, मैंने सुन लिया," बाई म्हणाली. ती हसत होती बहुतेक.

फोन बंद झाल्यावर एका मित्रानं खुर्ची पुढं ओढली. "नंद्या, मंग तू काय करतंस रं?"

सासरे दुपारी जेवायला उशिरा आले आणि ताटाकडे बघून जेवले. त्यांना न सांगता त्यांचं नाव दिलं, याचा राग होता. राग काढावा तर ती खोटं काही बोललेली नव्हती. शेवटी सासूबाईच, पुतळाबाई, खाडीतले निवट मासे साफ करता करता म्हणाल्या, "मना इचारला असता, तं मी पन तेच सांगितला असता."

संध्याकाळी धनेशनं माझ्यातलं पत्र वाचलं. "एवढंच? माझ्या फोननं दोन पानं लिहिली होती." मग परत वाचलं. "पण हे तुझ्यासारखं आहे," म्हणाला आणि लग्नाचं पान सापडल्यावर तासभर हसत सुटला.

पुढच्या आठवड्यात महाप्याहून निरोप आला, सोमवारपासून या. सासरे चौथ्या दिवशी म्हणाले, "बघ महिनाभर. हौस फिटंल." दोघा मित्रांच्या देखत ज्या सुनेला विचारून उत्तर दिलं, तिला आता घरी बसवायचं कोणत्या तोंडानं, हाही विचार असावा.

आज तो सोमवार. स्नेहल आठलाच गेली. घाईत मला टेबलावर उघडीच टाकून गेली.

दहाला टँकर आला. ड्रायव्हरनं विचारलं, पाइप कुठं लावू? सासरे आत आले, बाहेर गेले. चौदा नंबरवाल्याची किल्ली आत राहिली, सासरे पुन्हा आत. खिळे सोळा आणि किल्ल्या बावीस. त्यांनी तिला फोन लावला, तो बंद. नवीन भाडेकरू कागद घेऊन दारात उभा होता. चौथ्या फेरीला सासरे टेबलाशी थांबले. मला ओढून घेतलं, कोरं पान काढलं, पेन उघडलं.

"अगो, इकरं ये. ती दिवसभर काय काय करतं, एकेक सांग."

पुतळाबाई शांतपणे बसल्या आणि सांगू लागल्या. सासऱ्यांचं अक्षर मोठं, माझ्या चारही रेघा ओलांडून जाणारं. व्हॉल्व्ह. किल्ल्या. कचऱ्याची गाडी. मीटरचं रीडिंग. तुमची बीपीची गोली.

"हलू सांग, हात दुखतंय."

पुतळाबाई हळू सांगत नाहीत.

"थांब थांब, पान पलटतो."

स्नेहल, मी तुझी वही. तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही, आज मागते. आज लवकर येऊ नकोस. महाप्याहून यायला तसाही वेळ लागतो, आणखी थोडा लाव. इथं दुसरं पान भरत आलंय, आणि सासूबाई अजून सकाळच्या कामांवरच आहेत.