सतरा नंबरची घागर

आप्पासाहेबांनी बायांकडं त्यांचा रविवार मागितला नव्हता. त्यांनी डाळ मिलच्या गेटजवळ एक नळ बसवला, बस्स.

लातूर जिल्हा झाला त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. कलेक्टर आले, जीपगाड्या आल्या, भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या. पाऊस तेवढा आला नाही. गावातल्या नळाला दहा दिवसांतून एकदा पाणी यायचं आणि मिलमागच्या वस्तीत टँकर आला तर आला. अशा दिवसांत आप्पासाहेबांच्या मिलमध्ये बोअर घेतला आणि त्याला चांगलं मनगटाएवढं पाणी लागलं. नशीब तरी कुणाच्या अंगणात जाऊन बसावं!

मुनीम विरूपाक्षनं डाळ निवडणाऱ्या सगळ्या बायांना गोळा केलं. "आप्पासाहेब देवमाणूस हायत," तो म्हणाला. "रोज काम सुटल्यावर घरटी दोन घागरी पाणी. फकस्त रविवारी बी कामाला यायचं. मालाची लई घाई हाय."

"आन् सुट्टी?" पंचफुलानं विचारलं. ती सातवी शिकलेली, सगळ्या बायांत सही करणारी एकटीच. त्यामुळं विचारायचं काम आपोआप तिच्याकडं आलेलं.

"पानी नको असंल तर घे की सुट्टी. कोन नको म्हनलंय?"

बाया हसल्या. पंचफुलाही हसली. नंतर कितीतरी दिवस तिला त्या हसण्याचा राग येत राहिला.

रविवार म्हणजे तिचा एकुलता एक दिवस होता. नवरा भीमा रस्त्याच्या कामावर सोलापूरकडं गेलेला. सहा दिवस पोरं कुठं असतात, काय खातात, हे तिला रविवारी कळायचं. सकाळी पोरींच्या वेण्या घालायच्या, त्यांना घेऊन विहारात वंदनेला जायचं, आणि दुपारी सासूची, तिच्यासोबतच मिलमध्ये राबणाऱ्या नागुबाईची, पाठ तेलानं चोळून द्यायची. पाण्यापुढं हे सगळं बिनबोभाट वाहून गेलं.

पोत्यांवर मार्का मारायचा लाल ऑइलपेंट असतो, त्यानं विरूपाक्षनं एकेका घराच्या घागरीच्या गळ्यावर नंबर घातला. पंचफुलाच्या घराला सतरा आला. रविवारी घागरी गेटजवळ ओळीनं मांडायच्या आणि आत कामाला लागायचं. विरूपाक्ष नंबर पाहून आपल्या खिशातल्या वहीत टिपायचा. ज्या नंबरची घागर दिसली नाही, त्या घराला आठवडाभर पाणी बंद. मिलच्या मोठ्या हजेरीपटावर मात्र रविवारच्या रकान्यात लाल शाईनं 'सुट्टी' असंच लिहिलेलं असायचं.

चैत्रात एका सोमवारी कामगार ऑफिसचे इन्स्पेक्टर आले. आधी अशा कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता ऑफिस लातुरातच, कापड दुकानाच्या माडीवर उघडलेलं. तरणा माणूस, बोलायला मऊ. त्यानं बायांना समजावून सांगितलं, की रविवारची सुट्टी मालकाला वाटेल तशी काढून घेता येत नाही. बदलायची तर आधी नोटीस लावावी लागते, आमच्या ऑफिसला कळवावं लागतं आणि त्या रविवारच्या अलीकडं-पलीकडं तीन दिवसांत दुसरी सुट्टी द्यावी लागते.

"तर मग खरं सांगा," तो म्हणाला, "रविवारी मिल चालते का?"

विरूपाक्ष लांब उभा होता. त्याचा हात नुसता नळाच्या चावीवर होता.

पंचफुलाच्या तोंडापर्यंत खरं आलं होतं. तेवढ्यात शेजारून नागुबाईनं तिला कोपर मारलं. "न्हाई म्हन, फुले," ती पुटपुटली. "लेकरं काय पितील?"

"रविवारी मिल बंद असती, सायेब," पंचफुला म्हणाली. "आम्ही फकस्त पानी भरायला येतो."

इन्स्पेक्टरनं तेच कागदावर उतरवलं आणि पेन तिच्यापुढं धरलं. तिनं वळणदार सही केली. मास्तर म्हणायचे, पंचफुलाचं अक्षर मोत्यासारखं आहे. संध्याकाळी विरूपाक्षनं त्यांच्या घराला दोनाऐवजी तीन घागरी भरू दिल्या.

वैशाखातल्या तिसऱ्या रविवारी नागुबाई मशीनखाली सांडलेली तूर झाडून काढत होती. मशीन बंद करून झाडायचं असतं, पण घाई होती. पदर पट्ट्यात गेला. पदर सोडवायला तिनं उजवा हात घातला, आणि हातही गेला. पंचफुला धावत आली तेव्हा पट्टा थांबला होता आणि तुरीची रास लाल झाली होती. पुढचं तिला धड आठवत नाही. फक्त विरूपाक्ष ओरडला ते आठवतं: "आधी घागरी आत घ्या, भायेरून लोक बघायलेत!"

नागुबाई वाचली. उजव्या हाताची अंगठा धरून चार बोटं गेली. दवाखान्यात विरूपाक्षनं लिहून दिलं, की म्हातारी पाणी भरायला आली होती, नळावर गर्दी झाली, ती चुकून मशीनजवळ गेली. भरपाईचं विचारलं तर त्यानं हात झटकले. "बंद मिलमधी कसली भरपाई? तूच तर सायबाला लिहून दिलंस, रविवारी मिल बंद असती."

ती तडक कापड दुकानाच्या माडीवर गेली. इन्स्पेक्टरनं सगळं ऐकलं, फाइल काढली आणि तो कागद तिच्यापुढं ठेवला. खाली तिची सही. पंचफुला भीमा सूर्यवंशी. काना-मात्रा कशी जिथल्या तिथं. तिला ते अक्षर नखांनी खरवडून काढावंसं वाटलं.

"हे खोटं हाय, सायेब."

"मला वाटलंच होतं तेव्हा," तो म्हणाला. त्याचा आवाज अजूनही मऊच होता. "पण आता त्यांचा वकील विचारील, बाई तेव्हा खोटं बोलली की आता? मी काय सांगू?"

पंचफुला रडली नाही. रडायला वेळ नव्हता. तिला एकदम घागर आठवली, तिच्या गळ्यावरचा लाल नंबर आठवला आणि विरूपाक्षच्या खिशातली वही. तिनं सगळं सांगितलं.

इन्स्पेक्टर सरळ बसला. "एकच घागर दाखवली तर म्हणतील, तुम्हीच रंगवली. आठ-दहा घरांतल्या दाखवा. उद्या अकराला मी वस्तीत येतो, पंचनामा करतो. मग ती वही कशी लपवतात बघू. तुमच्या सासूबाईंचा हक्क आहे तो, मेहरबानी नाही."

ती माडीवरून उतरली ती हलकी होऊन. पण लातूर अजून एवढं मोठं झालं नव्हतं, की कामगार ऑफिसची पायरी चढलेली बाई कुणाला दिसू नये.

ती वस्तीत पोचली तोवर ऊन उतरायला लागलं होतं. पहिलं घर साखराबाईचं. साखराबाई निलंग्याकडची, रान करपलं म्हणून नवऱ्यासोबत इथं आलेली. अपघाताच्या दिवशी नागुबाईचं डोकं हिनंच मांडीवर घेतलं होतं. पंचफुलानं घागर मागितली तशी ती दारातच आडवी उभी राहिली. तिच्यामागं घागर दिसत होती. गळा घासून लख्ख केलेला.

"इरूपाक्ष येऊन गेला दुपारी," ती खाली बघत म्हणाली. "ज्याच्या घागरीवर उद्या नंबर दिसंल, त्याचं पानी बंद म्हनला. माझी धाकटी तापानं फणफणायलीय, बाई. मला लई वंगाळ वाटायलंय."

दुसरं घर तेच. तिसरं तेच. चौथ्या घरात तर बाई तिच्यासमोरच घासत होती, मान वर न करता. पंचफुलाला असा राग आला, की एकेकीला झिंज्या धरून ओढत न्यावं आणि नागुबाईचा हात दाखवावा. मग तिला वाटलं, काय दाखवायचं? त्यांनी पाहिलाच आहे. आणि खाली घातलेली ही मान तिच्या ओळखीची होती. चैत्रातल्या त्या सोमवारी तिनंही अशीच घातली होती.

बाविसावं घर संपलं तेव्हा दिवस कलला होता. एक तरी घागर आहे, ती स्वतःला सांगत होती. आपली आहे. एकच असली तरी साहेबापुढं ठेवायची. म्हणतील ते म्हणोत.

दारात नागुबाई बसली होती. घागर तिनं दोन्ही गुडघ्यांत घट्ट दाबून धरली होती. बांधलेला उजवा हात छातीशी होता आणि डाव्या हातात काथ्या आणि चुलीतली राख. लाल रंग कोपरापर्यंत आला होता. सातचा आकडा गेला होता, एकाचा अर्धा राहिला होता. पोरी रिकाम्या माठाजवळ बसून आजीकडं बघत होत्या.

"आत्याबाई! आवं, काय करायलाव?"

नागुबाईनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत ना राग होता ना लाज. ती फार दमली होती.

"माझी बोटं काय आता उगवतेत का, फुले? पोरी सकाळधरून उपाशी न्हाईत, तान्हेल्या हायत." तिनं पुन्हा काथ्या टेकवला. घागर गुडघ्यांतून निसटली आणि दगडावर आपटून वाजली. "ये, धर जरा. एका हातानं निघंना."

पंचफुला उभीच राहिली. धाकटी पोर उठली आणि माठात हात घालून तळाचा ओलावा बोटानं चाटू लागली.

पंचफुलानं पदर खोचला, सासूसमोर खाली बसली आणि घागर दोन्ही हातांनी धरली.