वाढवून धरलेले आकडे

व्हिसाच्या कागदावर तारीख स्वच्छ छापलेली होती. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत ती नवऱ्याकडे पोचली नाही, तर व्हिसा बाद. मग नवा अर्ज, नवी फी आणि आठ-दहा महिन्यांची वाट. आज एकोणीस तारीख होती, रविवार. तिच्या वहीप्रमाणे तिकडच्या चलनात साडेतीन हजार कमी पडत होते. ती, नवरा आणि बाबा मिळून जेवढी बचत करत, त्या वेगाने हे भरून निघायला आणखी एक वर्ष लागलं असतं.

ती पडदे शिवायची. इमारतीच्या तळमजल्यावर गाळा, त्यात दोन मशिनं, एक लांब टेबल आणि भिंतीला कापडाचे तागे. गळ्यात सदैव टेप. म्हणून नवरा तिला ‘इंचपट्टी’ म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर. लग्नानंतर चार महिन्यांनी परदेशी गेला, त्याला अडीच वर्षं झाली होती.

जाताना दोघांनी एक अट ठरवली होती. सहा महिन्यांचा घरखर्च हातात जमल्याशिवाय तिने निघायचं नाही. अट रास्त होती. तिथे गेल्यावर तिला कामाचा परवाना वेगळा काढावा लागणार होता आणि त्याला पाच-सहा महिने सहज लागत. तोवर दोन माणसं एका पगारावर. तिकिटाचे पैसे बाबांनी केव्हाच बाजूला काढून ठेवले होते.

त्या सकाळी बाबा, आत्या आणि ती वही मधे ठेवून बसले होते. बाबा एका मोठ्या रुग्णालयाच्या भांडारात भांडारपाल होते, तिथूनच निवृत्त झाले. आत्या त्यांची धाकटी बहीण, याच घरात राहणारी आणि कुणालाही न घाबरणारी.

“मुदत जाऊ दे,” बाबा म्हणाले. “पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू. अर्ध्या तयारीनं जाण्यापेक्षा उशिरा गेलेलं बरं.”

“दादा, तुझी तयारी पूर्ण होईपर्यंत हिचे केस पिकतील,” आत्या म्हणाली. “आणि जावईबापू तिकडे कवळी लावून विमानतळावर उभे राहतील.”

“थट्टा नको. परक्या मुलखात पैसे संपले तर कुणाच्या दारात जायचं?”

शेजारच्या गाळ्यातले सोफेवाले काका तिचं मोठं मशीन विकत घ्यायला तयार होते. उद्यापर्यंत सांग, नाहीतर दुसरं बघतो, असं ते म्हणाले होते. उद्या त्यांना नाही म्हणायचं, हे तिने मनात जवळजवळ ठरवलं. वही मिटून ती खाली गाळ्यात गेली.

नवऱ्याच्या खोलीत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड थेट डोळ्यांवर यायचा. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात काम करणाऱ्या माणसाला धड झोप नाही, हे तिला खटकत होतं. आपण नाही तर निदान पडदा तरी जाऊ दे, असं म्हणून तिने त्याच्याकडून खिडकीचा फोटो मागवला होता. चौकटीला टेप लावून, दोन्ही बाजूंचा, अशी ताकीद देऊन. फोटो सकाळीच आला होता.

तिने मोबाइलवर फोटो मोठा केला. रुंदी एकशे वीस सेंटिमीटर. उंची वाचायला फोटो खाली सरकवला, आणि खिडकीशेजारी भिंतीवर टाचणीने लावलेला कागद समोर आला. विजेचं बिल. चालू महिन्याचं, त्याच्या नावाचं. रक्कम ऐंशी.

वहीत विजेचे शंभर लिहिले होते. आकडा त्यानेच दिला होता.

एखाद्या महिन्याला कमी येतं, असं म्हणून तिने कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. त्याच बिलावर मागच्या बारा महिन्यांची पट्टी छापलेली होती. तिने बारा आकडे कागदावर उतरवून घेतले, बेरीज केली, बाराने भागलं. ऐंशीला एक कमी.

माप चुकलेलं तिला चालायचं नाही. पण माप चुकीचं सांगितलेलं वेगळं. ती जिना चढून वर आली आणि तिने फोन लावला. नवऱ्याची सुट्टी होती. तो समोर आला तेव्हा तोंडात दात घासायचा ब्रश होता.

“विजेचं बिल किती येतं?”

“शंभर. सांगितलंय की.”

“भिंतीवर ऐंशी आहे.”

त्याने मागे वळून भिंतीकडे पाहिलं. मग ब्रश तोंडातून काढला.

“आणि भाडं?” ती म्हणाली. “पाचशे सांगितलंस. पावती दाखव.”

“इंचपट्टी, ऐक तर...”

“पावती.”

आत्या दारातून खुर्चीसकट पुढे सरकली. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पावती फोनच्या पडद्यावर आली. चारशे.

“उरलेले कुठे जातात?” तिचा आवाज चढला नव्हता. “अडीच वर्षं मी इथे लोकांच्या खिडक्या झाकतेय. तिकडे आणखी कुणाचं घर चालतंय का, ते एकदाच सांगून टाक.”

“अगं, काय बोलतेस!” तो खाली बसला. “कुठेच जात नाहीत. जे उरतं ते सगळं खात्यातच टाकतो, तुला दर महिन्याला दिसतं. फक्त खर्च सांगताना मी चौथाई वाढवून सांगितला. सगळाच.”

“का?”

“पहिल्या हिवाळ्यात माझा हिशेब तंतोतंत होता. हीटर बिघडला, दुरुस्तीला पैसे गेले, आणि तीन आठवडे मी एका वेळी जेवलो. तुला सांगितलं नव्हतं. तू आल्यावर तसं व्हायला नको होतं.” त्याने ब्रश बाजूला ठेवला. “आमच्या धंद्यात असंच असतं गं. लिफ्टमध्ये पाटी सहा माणसांची लावतात, पण दोर कितीतरी पट वजनाचा घालतात.”

तिचा राग गेला नव्हता, पण त्याला धरायला जागा उरली नव्हती. तिने वही उघडली आणि आपल्याच अक्षराकडे पाहत राहिली.

“तू सांगितलास महिना साडेबाराशे,” ती सावकाश म्हणाली. “मी लिहिले पंधराशे.”

“ते का?” आता विचारायची पाळी त्याची होती.

“तू पुरुषमाणूस. तेल, साबण, औषधं धरलीच नसशील असं वाटलं. आणि कापड मोजकं घेतलं की पडदा आखूड होतो, ही माझी सवय. पाचवा हिस्सा वाढवला.”

आत्याने भुवया उंचावल्या आणि भावाकडे पाहिलं. बाबा चष्मा पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता.

“दादा?”

“काय दादा?”

“वहीत शेवटी साडेसोळाशे आहेत. पंधराशेचे साडेसोळाशे कुणी केले?”

“वर दहा टक्के धरलेत,” बाबा म्हणाले. “भांडारात शंभर बाटल्या हव्या असल्या तर मी एकशे दहा मागायचो. वरचे साहेब कापायचेच. चाळीस वर्षांची सवय आहे ती.”

“इथे वरचा साहेब कोण होता कापायला?”

बाबांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. फोनच्या पलीकडे नवरा हसायला लागला, आणि हसणं आवरत नाही म्हणून त्याने तोंडावर टॉवेल घेतला. तिलाही हसू फुटलं, डोळे पुसत पुसत. आत्या मात्र हसली नाही. तिने वहीतलं पान फाडलं.

“आता खरं काय ते लिही. पावतीवर असेल तेवढंच.”

तासभर पावत्या येत राहिल्या. भाडं, वीज, बसचा पास, किराणा. दोघांचा खरा खर्च महिना एक हजार निघाला. सहा महिन्यांचे सहा हजार. वहीतली मागणी होती नऊ हजार नऊशेची. हातात होते सहा हजार चारशे.

“म्हणजे मी महिन्यापूर्वीच निघू शकले असते,” ती म्हणाली.

“हो,” बाबा म्हणाले. मग फोनकडे न पाहता, “जावईबापू, चूक आमचीही आहे.”

“चूक कसली, बाबा. आपण तिघांनीही एकमेकांना जपलं, पण न विचारता.”

“वाढवायचं तर एकदाच वाढवायचं,” ती म्हणाली, “आणि कुणी वाढवलं ते लिहून ठेवायचं. वरचे चारशे ही आपली अडीअडचण. हीटरसकट. पण तू आता एका वेळी जेवत असशील, तर तेही आजच सांग.”

“दोन वेळा जेवतो. पावती पाठवू?”

सोमवारी तिने सोफेवाल्या काकांना मशीन दिलं. त्यांनी पैसे मोजून दिले, आणि ते तिने पानावर ‘मशीन’ असं लिहून वेगळ्या ओळीत मांडले. छोटं मशीन तिने ठेवून घेतलं. आत्या त्यावर शिवायला शिकणार होती. तिकीट एकोणीस तारखेचं पुरलं असतं, पण बाबांनी तिला आठ तारखेचं काढायला लावलं.

“अकरा दिवस वाढवून धरले,” आत्या म्हणाली.

“लिहून ठेवलंय,” बाबा म्हणाले. “माझ्या नावावर.”

तिने खिडकीचा पडदा शिवला. रुंदीला दुप्पट कापड घेतलं, कारण चुण्यांना ते लागतंच, आणि खाली चार बोटं दुमड ठेवली. पडदा घडी करून तिने हातातल्या बॅगेत सर्वांत वर ठेवला.

आठ तारखेला विमान दुपारी तीनचं होतं आणि विमानतळावर तीन तास आधी पोचायचं होतं. तिने घरात दोनचं सांगितलं. बाबांनी टॅक्सीवाल्याला एकचं सांगितलं. टॅक्सीवाला स्वतःच्या हिशेबाने आणखी तासभर आधी आला. सकाळी नऊ वाजता तिघं विमानतळाच्या बाकावर बसली, तेव्हा तिच्या विमानाचं नावही फलकावर आलं नव्हतं. तिने फोन काढून नवऱ्याला कळवलं की ती पोचली आहे आणि वेळ भरपूर आहे.

त्याचा निरोप लगेच आला. उद्या सकाळी ती उतरेल, आणि तो तिथे पहाटेच येऊन थांबणार आहे.