टालर, वडिलांच्या आवाजात

वडिलांना पुरून तीन आठवडे झाले होते. कोटालीक काकांनी मला मंडळाच्या खोलीवर बोलावलं. चेक प्रजासत्ताकातल्या याखीमोव्ह गावच्या आमच्या नाणेमंडळाचे ते अध्यक्ष. मंडळाचं दोन खोल्यांचं प्रदर्शन आहे. तिथे येणाऱ्यांना टालर या जुन्या चांदीच्या नाण्याची हकिकत सांगण्याचं काम वडील इथल्या रेडॉनयुक्त पाण्याच्या उपचार-स्नानगृहातली नोकरी संपल्यापासून करत होते. पाय थकले तेव्हा त्यांनी ती आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून दिली. हेडफोन मात्र ते गेल्यावर आले.

अडचण अशी होती की एका प्राध्यापकांनी ते ऐकून त्यातला एक भाग खोटा असल्याचं कळवलं होतं. मी इतिहास शिकवते, तेव्हा निवाडा मी लिहून द्यावा, असं काकांचं म्हणणं. खरं आहे म्हटलं तर व्हेंदेलीनचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज राहील. खोटं म्हटलं तर जवळच्या कार्लोव्ही व्हारी शहरातला एक नट सगळंच नव्याने वाचेल. मध्येच दुसऱ्याचा आवाज घुसवलेला काकांना पसंत नव्हता.

वडिलांची धाकटी बहीण, ओटिली आत्या, माझ्याबरोबर आली होती. तिने अंगावरचा कोट काढला नाही.

काकांनी यंत्र लावलं. वडील घसा खाकरून सुरू झाले. डोंगरात चांदी सापडली, दरीत गाव वसलं, गावाला येशूची आई मेरी हिच्या वडिलांचं, संत योआखिमचं, नाव दिलं. नाण्यावरही तोच, काठी घेतलेला म्हातारा. नाणं योआखिमच्या दरीतलं, म्हणून जर्मनमध्ये योआखिम्सटालर. पुढे एवढं लांबलचक नाव घ्यायचा लोकांना कंटाळा आला. योआखिम गळाला आणि टालर, नुसतं 'दरीतलं', उरलं. तेच डचांकडे डाल्डर झालं आणि इंग्रजांकडे डॉलर. रशियनांनी उलट केलं. त्यांनी दरी टाकली, म्हातारा ठेवला. योआखिमचं त्यांच्याकडे येफिम होतं, म्हणून ते या नाण्याला येफिमोक म्हणत.

खोटा भाग नाव आखूड होण्याच्या जागी होता. खाणकामगार गुत्त्यात येतो, नाणं टेबलावर आपटतो आणि म्हणतो, घे टालर. गुत्तेवाला म्हणतो, अख्खी दरी घेऊन मी काय करू, सुटे दे. इथे लोक हमखास हसत.

असं घडलेलं नाही. इथल्या टांकसाळीत त्या नाण्याला गुल्डेनग्रोशेन म्हणत. दरीत राहणारा माणूस आपल्या नाण्याला 'दरीतलं' कशाला म्हणेल? ते नाव बाहेरच्या बाजारांत पडलं, ज्यांनी ही दरी कधी पाहिलीही नव्हती त्यांच्या तोंडी. हे मी वडिलांना जेवताना अनेकदा सांगितलं होतं. ते डम्पलिंगने ताटातला रस्सा पुसत ऐकून घेत. एकदाच म्हणाले, "परक्यांनी नाव ठेवलं, हे माझ्याच्याने सांगवत नाही. मीही इथे परकाच आलो ना." ते लहानपणी, महायुद्धानंतर, युक्रेनमधल्या वोल्हिनियाहून आले, जर्मनांना घालवून रिकाम्या केलेल्या घरात. या गावाने निदान एक नाव स्वतः ठेवलं असावं, अशी त्यांची इच्छा होती. मला ती समजत होती. पण म्हणून गोष्ट खरी होत नव्हती.

"इतकी वर्षं लोक हसले, कुणी मेलं नाही," आत्या काकांना म्हणाली. "मेला तो सांगणारा. आता त्याला खोटा ठरवून तुम्हाला काय मिळणार?"

काकांनी टोपी हातात फिरवली. माझ्या हातात काही नाही, असं काहीतरी पुटपुटले.

"लिही गं एक ओळ," आत्या माझ्याकडे वळली. "नाहीतर तुझ्या बापाचे शब्द त्या नटाच्या घशात जातील."

गुत्त्याच्या प्रसंगाला आधार नाही, एवढं मी लिहिलं आणि सही केली. आत्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाकी कुठे चूक आहे का, असं मी काकांना विचारलं. त्यांनी प्राध्यापकांचा निरोप पुन्हा आठवून पाहिला. नव्हती.

"मग तेवढंच काढा."

"बरं, काढून जोडून टाकतो."

"जोडू नका. ते जितका वेळ बोलत होते तितका वेळ रिकामा ठेवा."

"अगं, लोकांना वाटेल यंत्र बिघडलं."

"वाटू दे की," आत्या खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "व्हेंदेलीन बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा. आम्ही कुठे त्याला दुरुस्तीला नेला?"

काकांनी टोपी डोक्यावर घातली. प्राध्यापकांना विचारून बघतो म्हणाले. पुढे कळलं की त्यांनी विचारलंच नाही.

वसंतात प्रदर्शन पुन्हा उघडलं. पहिल्या दिवशी एक वयस्क जोडपं आलं. मी दाराशी उभी होते. नाण्याच्या पेटीपाशी बाईने हेडफोनवर टिचकी मारली. नवऱ्याने बटण दाबून पाहिलं, मग खांदे उडवले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून दोघं पेटीवर वाकले आणि नाणं पाहू लागले. नवऱ्याने खिशातून चष्मा काढला. त्यांना कसलीच घाई नव्हती.

मग बाईने मान वर केली आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं. आवाज परत आला होता.