सरांनी निवडलेलं टार्गेट

मधुसूदन सरांनी फोमच्या जाड चौकोनावर अंगठा दाबला. अंगठा तसूभरही आत गेला नाही. गुलमंडीजवळच्या त्या खेळसाहित्याच्या दुकानात असली आठ टार्गेटं भिंतीला टेकून धूळ खात उभी होती. मोठ्या ताकदीच्या धनुष्यांसाठी मागवलेली, आणि गिऱ्हाईक मिळेना म्हणून निम्म्या किमतीत काढलेली.

"हीच घे," सर म्हणाले.

अंबिकानं शेजारच्या मऊ फोमवरून हात फिरवला. ते टार्गेट महाग होतं. तिच्याजवळच्या पैशांत तीनच आली असती, आणि बिडकीनच्या तिच्या नव्या केंद्रात पोरं होती चाळीस.

"सर, पण हे लई टणक नाय का? पोरांची धनुष्यं हलकी हायेत."

"टणक म्हणजे टिकाऊ. वीस वर्षं शिकवतोय मी."

शिकवत होते हे खरंच. नवशिक्यांना स्वस्तात काय लागतं, ते त्यांच्याइतकं शहरात कुणालाच ठाऊक नव्हतं. गोणपाटाचं पोतं घ्यायचं, त्यात जुन्या साड्यांच्या चिंध्या ठासायच्या, की झालं. हलक्यात हलका बाणही त्यात रुततो. टणक फोमवरून मात्र तो परत येतो, आणि चार दिवस बाण असे परत आले की पोरगं घरी बसतं. हे सगळं सरांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

कारण पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही. शेतकऱ्याची ही पोर. दोरी कशी ओढायची तेसुद्धा त्यांनीच शिकवलेलं. आता पदक तिचं, पेपरात फोटो तिचा. सरांच्या मैदानावर सहा पोरं उरली होती आणि त्यातली दोन बिडकीनला जायची बस किती वाजता असते ते एकमेकांना विचारत होती. गुरूची विद्या गुरूलाच, म्हणतात ते हेच. तिचं वाटोळं व्हावं असं काही सरांच्या मनात नव्हतं. चाळीसातली वीस गळाली असती तरी त्यांना झोप लागली असती.

अंबिकानं त्यांच्याकडे एकवार पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाली, "सर म्हणतात ती द्या."

दसऱ्याच्या सकाळी केंद्राचं उद्घाटन होतं. मुहूर्तापर्यंत कुणी बाण मारायचा नाही असं ठरलेलं. धनुष्यांना हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला. पहिला बाण गुरूचा, म्हणून अंबिकानं सरांच्या पायांना हात लावला आणि पोरांसाठी आणलेलं हलकं धनुष्य त्यांच्यापुढे धरलं.

सर दचकले. "माझं आणलंय मी गाडीत."

"ह्यानंच मारा सर. म्हंजी पोरांना वाटंल, आपल्यालाबी जमंल."

"खांदा दुखतोय गं."

"एकच मारा."

चाळीस पोरं, त्यांचे आईबाप आणि गावचे आप्पासाहेब बघत होते. सरांनी दोरी हनुवटीपर्यंत ओढली. नेम अचूक होता. बाण पिवळ्या गोलाच्या मधोमध टक्कन आपटला आणि उलटा येऊन गवतात पडला.

त्यांनी दुसरा मारला. तोही परत आला.

एक पोरगी फिसकन हसली, मग सगळीच हसली. सरांचे कान तापले.

"हसायचं नाय!" अंबिका पुढं आली. "सरांनी मला मऊ टार्गेट घे म्हणून सांगितलं व्हतं. मीच पैशाकडं बघितलं."

हे ती पोरांकडे बघून बोलली. सरांकडे तिनं पाहिलंच नाही.

"मोठ्या माणसाचं ऐकावं पोरी," आप्पासाहेब म्हणाले.

"व्हय. चुकलं माझं."

सरांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आप्पासाहेब हार घेऊन समोर उभे राहिले. लोक टाळ्या वाजवू लागले. आप्पासाहेब बुटके होते. हार गळ्यात पडावा म्हणून सरांना मान चांगलीच खाली वाकवावी लागली.